गुडघा कसा आहे

रोज दुपारी मैदानावर आला की व्हर्जिल टॅकेट विचारायचा,
"गुडघा कसा आहे?"
नऊ वर्षांत मला उमगलं नाही
त्याला कुठलं उत्तर हवं होतं.

गुडघा माझा. डावा.
घर त्याचंही त्यावरच चालायचं.

लेफ्ट फील्ड माझं होतं, आणि तो माझ्यामागचा.
आठव्या इनिंगला आपण पुढे असलो तर
मॅनेजर नुसती हनुवटी हलवायचा;
मी टाळ्या घेत आत यायचो,
तो टोपी सारखी करत बाहेर पळायचा,
आणि वाटेत, चुन्याच्या रेषेवर,
आमचे ग्लोव्ह एकमेकांना लागायचे.

दोन इनिंगांच्या मधे माझा खांदा गार पडू नये
म्हणून मला चेंडू फेकायला यायचा तोच.
मोजले नाहीत कधी. वर्षाला हजारो असतील.
छातीच्या उंचीवर, शिवण आडवी,
एकासाठीही मला पाऊल हलवावं लागलं नाही.
या खेळात कशाकशाची नोंद ठेवतात,
घाम आला तरी रकाना आखतात,
त्या फेकींना मात्र रकाना नाही.

क्लीव्हलंडला सरोवरावरचा वारा किती वाजता फिरतो,
डेट्रॉइटच्या कोपऱ्यात भिंत चेंडू कशी परत देते,
कुठे नळाचं झाकण गवतात बोटभर वर आलंय,
सगळं त्याने चालून पाहिलेलं, सकाळी, एकट्याने.
मला सांगायचा. मी झेल घ्यायचो.
बक्षिसाचे दोन फोटो आहेत भिंतीवर.
त्यात तो कसा असेल?

पाचदा त्याला खाली धाडलं, टोलिडोला.
पाचदा बोलावलं.
त्याची बायको लोरीन पडदे शिवताना
खाली हातभर कापड दुमडून ठेवायची.
पुढच्या भाड्याच्या घराची खिडकी
केवढी निघेल, कुणी सांगावं.

मग एका जूनमध्ये माझ्या गुडघ्यात पाणी झालं.
यादीत पहिल्यापासून टॅकेट.
दुसऱ्या इनिंगला त्याने एक असा मारला
की लेफ्टचा माणूस वळलाच नाही, उभ्याउभ्या बघत राहिला.
भिंतीपलीकडे, तिसऱ्या रांगेत.
आयुष्यातला पहिला.
मी कुबडीसकट उठलो होतो.

चौथ्या इनिंगला पाऊस.
दीड तास ताडपत्री, शेंगदाणे, रेडिओ.
शेवटी पंचांनी हात वर केले.
पाच इनिंग झाल्या नाहीत तर नियमाने
काही झालेलंच नसतं.
त्या पोराने चेंडू घरी नेला असणार.
ओहायोतल्या कुठल्यातरी खणात
न घडलेली गोष्ट पडून आहे, शिवणीसकट.

कपडे बदलायच्या खोलीत मी काहीतरी बोलणार होतो.
तो बूट उलटे करून पाणी निथळत होता.
मान वर न करता म्हणाला,
"गुडघा कसा आहे?"
"परवा खेळेन," मी म्हणालो.
"बरं झालं."

डॉक्टर आठवडा म्हणाले होते.
मी खेळलो परवाच, लंगडत,
तीनदा बाद झालो, एक सोपा झेल सोडला.
आठव्या इनिंगला तो आला. रेषेवर ग्लोव्ह लागला.
हलकेच, रोजच्यासारखा.

आता गुडघा धातूचा आहे.
व्हर्जिल केंटकीत, आपल्या गावी,
शाळेच्या मैदानाचं गवत कापतो म्हणे.
नंबर आहे माझ्याकडे.
तो पहिलं काय विचारेल तेही ठाऊक आहे.