ठसका

कुताईसीत, रिओनी नदीच्या अलीकडे
एकशे चाळीस खुर्च्यांचं आमचं थिएटर,
त्यातल्या नऊ मोडक्या.
सात गुरुवार, सात सिनेमे.
बघायला नका येऊ, ऐकायला या,
असं मीच हाताने रंगवलं होतं पाटीवर.

पहिल्या गुरुवारी सदतीस जण आले.
दुसऱ्या गुरुवारी फुटबॉल होता. अकरा.
तिसऱ्याला एल्गुजा आला,
कोटाला डांबरगोळ्यांचा वास,
तिकिटाचे पैसे सुट्टे, मोजून.
म्हणाला, यात मी व्हायोला वाजवलाय.
आणि थोडं थांबून,
पण मी माझ्यासाठी नाही आलो.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, तिबिलिसीच्या स्टुडिओत
रात्रीचा शेवटचा टेक.
नायिका पुलावर, खालून आगगाडी सुटतेय,
आणि सगळी तंतुवाद्यं एकाच लांब सुरावर,
श्वास धरून.
तेव्हा शेजारचा बोंदो ठसकला.
एकदाच.
टेप संपत आलेली, सगळ्यांना घरी जायचं होतं.
संचालक म्हणाला, जाऊ दे, कोण ऐकतंय.

खरंच कोणी ऐकलं नाही.
एल्गुजाने तेवढं ऐकलं, दर वेळी,
नववर्षाच्या रात्री टीव्हीवर हा सिनेमा लागला की
बायको अक्रोडाचा रस्सा वाढत असताना
तो हात वर करायचा.
थांबा. आता. हा!
पोरं हसून लोळायची.
बोंदो गेला त्र्याण्णवच्या हिवाळ्यात,
वीज नव्हती आणि पावासाठी पहाटेपासून रांग असायची तेव्हा.
फोटो आहेत दोन. एकात तो पाठमोरा.
आवाज म्हणाल तर
हा एवढाच.

मी दिवे मालवले.
प्रत नवी होती, परदेशातून धुऊनपुसून आलेली.
सुरुवातीच्या भाषणात त्याचंच कौतुक केलं होतं मी,
एक ओरखडा नाही की खरखर नाही.
पूल आला. गाडी सुटली.
एल्गुजाने हात वर केला.
सूर निघून गेला काचेसारखा, आरपार,
कुठेही न अडखळता.

हात वरच राहिला.
मागच्या बाईंना दिसेना,
त्यांनी शेवटी खांद्याला बोट लावलं.

बाहेर त्याने मला गाठलं,
रागाने नव्हे,
बसमध्ये विसरलेल्या छत्रीची चौकशी करावी तसं विचारलं,
पोरी, काढलेलं कुठे ठेवतात?

हसूच येणार होतं मला.
रात्री प्रयोगशाळेला पत्र लिहिलं.
महिन्याने दोन ओळी आल्या,
ठेवतो आम्ही. आजवर कोणी मागितलं नव्हतं.

सातव्या गुरुवारी सगळे गेल्यावर,
सूर्यफुलाच्या बियांची टरफलं झाडून झाल्यावर
पडदा पांढराच ठेवून
मी ते लावलं. ब्याऐंशी मिनिटं.

आधी नुसती सरसर, गव्हाचं पोतं ओततंय कोणी.
मग एक कट्.
खुर्ची करकरली.
कुणीतरी स्वरलिपीचं पान उलटलं, घाईने.
छपरावरून विमान गेलं.
सुरांच्या आड इतकी वर्षं दडून बसलेली
एक आख्खी खोली,
तिच्यात माणसं, त्यांचे बूट, त्यांचे कोट.

एल्गुजा मधल्या रांगेत, टोपी मांडीवर.
तो मात्रा मोजत होता.
पूल कुठे आला
ते मला त्याच्या ओठांवरून कळलं.

ठसका.

आणि लगेच मागोमाग,
श्वासाहून थोडंच मोठं,
तेव्हा वाजवण्याच्या नादात ज्याच्यासाठी होतं त्यानेही न ऐकलेलं,
माफ कर रे.

बराच वेळ एल्गुजा हलला नाही.
मग त्या पांढऱ्या पडद्याकडे बघत,
जरासा वैतागून,
जसं शेजारच्याला म्हणतात बोलायची परवानगी नसताना,
असू दे, म्हणाला,
वाजव तू.

अजून एकतीस मिनिटं बाकी होती.
मी खाली येऊन
एका मोडक्या खुर्चीत बसले.