कुतुब नदाफची शिट्टी

मिरजेच्या रेल्वे ग्राउंडवर गवत कधीच नव्हतं.
तांबडी माती, आणि मधोमध वर आलेले दोन दगड.
ते आम्हाला पाठ होते, पाहुण्या टीमला नव्हते.
कुतुब त्या दगडांवरनं असा टप्पा काढायचा
की कोल्हापूरचे बॅक हवेत लाथ मारून खाली बसायचे.
मी गोलमध्ये. मला मॅचभर त्याची पाठच दिसायची,
पाठीवर सात नंबर,
गादीच्या खोळीचा तुकडा कापून त्याच्या आईनं शिवलेला.
शिवण उसवली की आकडा एक व्हायचा.

यार्डात पॉइंट्समन होता तो.
तेव्हा तीन मापांचे रूळ होते मिरजेला.
म्हणायचा, एवढंसं गाव आणि तीन रुंदीच्या वाटा.
पुढं काही बोलायचा नाही, चहाची बशी उलटी ठेवायचा.

एकोणऐंशीची दिवाळी, सेमीफायनल.
गुडघा फिरला.
गोलपर्यंत आवाज आला मला,
वाळत ठेवलेला भोपळा तडकतो तसा.
मी सतारीच्या कारखान्यातला माणूस, मला तो आवाज कळतो.
त्या भोपळ्याची पुढं सतार होत नाही.

फेब्रुवारीत ग्रहण लागलं.
गल्लीतल्या पोरांना काळी काच मिळेना,
यानं खाटेखालनं मिशन हॉस्पिटलचा एक्सरे काढून दिला.
त्याच्या डाव्या गुडघ्यातनं
आम्ही सगळ्यांनी सूर्य कुरतडला जाताना बघितला.
तो आत पडून होता.
“दिसतोय का रे?”
दर दोन मिनिटांनी विचारत होता.

दोन वर्षांनी ग्राउंडवर आला तो काळ्या शर्टात.
खिशात वही, पेन्सिलचा बुटका, आठ आण्याचं नाणं.
पंच म्हणजे परमेश्वर, असं म्हणायचं
आणि त्याच तोंडानं त्याची आई-बहीण काढायची,
ही आमची रीत.
ज्यांनी खांद्यावर घेतलं होतं
त्यांचेच आवाज मोठे.
त्यातला एक माझा होता.
गर्दीतनं मारली शिवी, पण अठरा वर्षं मागनं
“कुतुब, डावीकडं!” ओरडलेला गळा
त्याला ओळखू आला नसेल कसा?

मग ती फायनल. आमची टीम, सांगलीची टीम,
तीन मिनिटं उरलेली, गोलमध्ये माझा मुनाफ.
सांगलीचं पोरगं आत घुसलं आणि पडलं.
शिट्टी. बोट पांढऱ्या ठिपक्याकडं.
चपला आल्या, सोडा वॉटरची बाटली आली,
तो लंगडत ठिपक्यापाशी उभा राहिला, घड्याळ बघत.
कप सांगलीला गेला.

चार वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही.
तो रोज सकाळी सायकल हातात धरून
कारखान्यावरनं जायचा, मी पॉलिशच्या बोळ्यात मान घालायचो.

एका रात्री जेवताना मुनाफ म्हणाला,
“अब्बा, पाय धरला होता मी त्याचा. हातानं.”
मी भाकरी मोडत राहिलो.
काय सांगू पोराला?
मी गोलच्या मागंच उभा होतो.
त्या दिवशीच बघितलं होतं.

परवा कुतुब पायरी चढून आत आला,
शिट्टी टेबलावर ठेवली.
“वाजंना झाली.”
आतला गोळा झिजला होता.
तुणीच्या लाकडाची ढलपी घेऊन मी नवा घासला,
वाटाण्याएवढा,
घासायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ घासला.
त्यानं फुंकली.

भिंतीवर सात सतारी टांगलेल्या होत्या,
हात लावलेला नव्हता कुणी.
सगळ्यांच्या तरफा हळूच झणझणल्या.

त्या थांबेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो.
मग त्यानं गुडघ्यावर हात टेकला,
एक पायरी, दुसरी पायरी,
शनिवारी मॅच होती.