प्रश्न क्रमांक सतरा

दर्यापूरच्या पुढं जिथं एसटी वळून माघारी फिरते
तिथं आम्ही सात जण उतरलो.
बेचाळीस प्रश्नांचे दोनशे फॉर्म,
अर्ध्या लिटरच्या बाटल्यांचा खोका,
आणि विद्यापीठाच्या स्टॉक रजिस्टरातून
माझ्या सहीवर बाहेर पडलेला मीटर,
पेनाएवढा.

निर्गुणाबाई ढोले ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होत्या.
मृणालनं वाचलं : प्रश्न सतरा.
पाण्याचा मुख्य स्रोत. एकाच चौकोनात खूण करा.
सूप थांबलं.

"कोनतं पानी, बाई?
चहाचं का डाळीचं का आंगावर घ्याचं?
चहाचं नळाचं, थे अकराव्या दिवशी येते.
डाळीचं झिऱ्याचं, हनुमान जयंतीलोक पुरते.
बाकी सारं हापशीचं.
त्यात साबन फेसत नाही, दूध फाटते,
अन् डाळ सकाळपासून चुलीवर ठेवली
तरी दाना दानाच राह्यते."

मी सोळा वर्षं रसायनशास्त्र शिकवतो.
क्षार, कठीणपणा, सगळं फळ्यावर लिहून पुसलेलं.
खारपाणपट्ट्यावर माझे दोन निबंध आहेत.
त्यांत डाळ कुठंच नाही.

मृणालनं चौकोनावर काट मारली.
समासात तीन रेघा ओढल्या.
दोनशे फॉर्म पुन्हा छापावे लागले.

मग लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर
निर्गुणाबाईंनी बोट फिरवत गाव सांगितलं :
ही हापशी खारट, ही मचूळ,
ही पावसाळ्यात बरी, ही फक्त ढोरांले.
आम्ही मागून मीटर बुडवत गेलो.
आकडे त्यांच्या जिभेच्याच ओळीनं उभे राहिले,
एकाचीही जागा चुकली नाही.

फक्त कागदाची पूर्व कोरी होती.
"तिकडचं मले ठाव नाही," त्या म्हणाल्या,
आणि सुपात खडे शोधू लागल्या.
खडे नव्हते.

कुणीच बोललं नाही.
प्रज्ञाशील तायडे, बीए दुसरं वर्ष, याच गावचा,
त्यानं पेन्सिल घेतली
आणि कोऱ्या जागेत चार टिंबं काढली.
चौथं विहारामागच्या बोअरचं.
तिथं मीटर चारशे दहावर थांबला.
मी तो पुसून पुन्हा बुडवला.
चारशे दहा.
गावातलं सगळ्यात गोड पाणी.

त्या संध्याकाळी काही झालं नाही.
झिरा आटल्यावर, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात,
निर्गुणाबाई कळशी घेऊन त्या बोअरपाशी गेल्या,
हे मला फोनवर कळलं.
प्रज्ञाशीलची काकू एवढंच म्हणाली,
"नंबरानं या."
त्यांचा नंबर चौदावा होता.
चौदावा आला तेव्हा त्यांनी भरलं.

जिल्हा परिषदेच्या हॉलमध्ये पंखा एका बाजूला लटपटत होता.
साहेबांनी अहवाल उलटला, विचारलं,
"'डाळ शिजते का?' हा निकष कुठला?"
"निर्गुणाबाई ढोले."
"पद?"
माझ्याकडं उत्तर नव्हतं.
मागच्या खुर्चीवरून प्रज्ञाशील म्हणाला,
"संशोधक."
साहेबांनी वर पाहिलं, हसले नाहीत,
पेनानं ओळीखाली रेघ मारली.

आता पुढच्या एकतीस गावांच्या फॉर्मात
तीन पाण्यांचे तीन रकाने आहेत.
पाइपलाइन अजून कागदावर आहे.
नळाचा अकरावा दिवस
अजून अकरावाच आहे.

अहवालाची प्रत द्यायला गेलो.
निर्गुणाबाईंनी पानं चाळली, आपलं नाव बोटानं शोधलं,
बारीक अक्षरात होतं, सापडलं.
वरण वाढलं. मऊ होतं.
निघताना म्हणाल्या,
"सर, थे तुमचं पेनावानी हाय ना,
थे अठीच ठेवून जा.
तुमी त वर्सातून दोनदा येता,
पानी रोज बदलते."

स्टॉक रजिस्टरात शेवटचा रकाना असतो :
परत केल्याची तारीख.
तो मी अजून भरलेला नाही.
ऑडिटवाले विचारतील.
विचारू देत.