अकरावी कला, तुकडी ब

यावलच्या कॉलेजात, दुपारच्या तासाला
फळ्यावर लिहिलं: सिमिली. खाली मेटाफर.
‘लाइक’ असलं की उपमा, नसलं की रूपक,
दोन मार्क आहेत, सोडू नका.

उदाहरण द्या म्हटलं तर तिघांनी
पुस्तकातलाच गुलाब पुढे केला.
इथं गुलाब कुणी लावलाय?
खिडकीबाहेर ट्रकमध्ये घड चढत होते केळीचे,
म्हटलं, बघा, हमाल कसा उचलतो,
झोपलेल्या पोरासारखा—
“सर, ‘सारखा’ आलं,” हलीमा तडवी म्हणाली,
“म्हणजे सिमिली.”
बरोबर.

आयरनी मात्र कळेना.
मराठीत सांगितली, तरी कळेना.
मग शेवटच्या बाकावरून सुपडू उठला,
जो सहसा उठत नाही.
“सर, माह्या आधीचे दोन भाऊ जगले नही.
मी झालो तं मायनं मले सुपात घातलं,
शेजारणीले देऊन टाकलं,
पायलीभर दादर देऊन परत घेतलं.
नावबी तसंच ठेवलं, पाखडून टाकल्यागत,
वरच्याचं ध्यान जाऊ नये म्हणून.
हे आयरनी का सिम्बॉल?”

पुस्तकाच्या शेवटी व्याख्या आहेत,
एकेक ओळीच्या.
मी म्हटलं, दोन्ही.
मग म्हटलं, उद्या बघून सांगतो.

जूनपासून रोज वाचतोय हजेरीत,
एकेचाळीस, कोळी सुपडू वामन,
मान वर न करता.
आणि तोही रोज, जरा मोठ्यानंच,
“प्रेझेंट, सर.”