पंख्यातली धूळ

कुडचड्याच्या बाजारात, रेल्वे फाटकाच्या अलीकडे
दोन पावलांचं माझं दुकान.
लोक यंत्र बाहेरून बघतात,
मी चार स्क्रू काढतो.

पहिले टीव्ही गेम आले तेव्हा खाणी चालू होत्या.
कॅसेटच्या फटीत लाल माती सापडायची,
दिवसभर धावणाऱ्या ट्रकांची.
फुंकर मारली की गेम लागायचा.
फुंकरीने काही होत नाही, हे पुढे कळलं.
काढून पुन्हा घातल्यावर पितळी दात बसायचे, एवढंच.
पण गिऱ्हाईकाला फुंकर दिसावी लागते,
म्हणून अजून मारतो.

मग तबकड्या आल्या, मग पंखे.
एका पिढीचा पंखा तर असा ओरडायचा
की शेजारच्या रुक्मा वहिनी विचारायच्या,
एवढ्या रात्री वाटप कुणाचं?
खाणी बंद पडल्या त्या वर्षी
पंख्यातली धूळ लालाची करडी झाली.
नव्या मॉडेलच्या जाहिरातीत हे नव्हतं.

परवा फळदेसायांचा निहाल आला.
काखेत कोरं यंत्र, तबकडीला फटच नाही.
"बिघडलं नाही, काका. बाबा म्हणतात,
साठ हजार पाण्यात घातलेस."

पाणी मात्र सुधारलंय, मी म्हटलं.
आमच्या वेळी पाणी म्हणजे तीन निळ्या पट्ट्या,
पडलास की मेलास.
आता वाकून बघ, ढग दिसतात,
बगळा उडाला की तरंग उठतो.
फक्त पोहत थोडा लांब गेलास
तर न दिसणारी भिंत लागते.
ती भिंत जुनीच आहे.

जुन्याचे गोडवे मी गाणार नाही.
तीन जीव, आणि वीज गेली की पहिल्यापासून.
माझा भाऊ सातव्या किल्ल्यावर पोचला होता.
यंत्र चालू ठेवून, वर टॉवेल टाकून शाळेत गेला.
वडिलांनी बटण बंद केलं, बिल वाढतं म्हणून.
भाऊ आता सेहेचाळीसचा आहे.
सातव्या किल्ल्याचं नाव काढलं
की अजून ताटावरून उठतो.

आणि नव्यात, गेम विकत घेतला तरी तो आलेला नसतो.
रात्रभर उतरत राहतो,
सत्त्याण्णव टक्क्यांवर वीज खाती येते आडवी.
म्हणजे काही गोष्टी
सगळ्या पिढ्यांत सारख्याच चालतात.

मग मला कायतान आठवला.
जुवारीवर बार्जवर होता. विंचने
उजव्या हाताची तीन बोटं नेली.
त्याआधी आम्ही दोघं मिळून खेळायचो,
त्यानंतर चौदा वर्षं
तो या स्टुलावर बसून नुसता बघायचा,
"उडी मार रे, उडी," म्हणायचा.
गेल्या पावसाळ्यात एका नव्या यंत्रात
पाच मेनू खोल गेल्यावर मला एक पान सापडलं:
कुठलंही बटण कुठेही नेता येतं.
उडी आणली डाव्या अंगठ्याखाली.
धावणं जोडलं शिलाई मशीनच्या जुन्या पायडलला,
दोन वायरी, थोडं कथील.
संध्याकाळी त्याने मला चार-एकने हरवलं.
मी त्याला जिंकू दिलं, असं तो म्हणतो.
मी दिलं नव्हतं.

"मग बाबांना काय सांगू?"
सांग, घोड्याच्या एकेका केसाचे पैसे घेतात,
आणि ते पान फुकट देतात,
पण शोधून काढावं लागतं.

निहालला हे पटलेलं दिसलं नाही.
"निदान उघडून तरी बघा."
सील तोडलं नाही, बाजूची पट्टी तेवढी सरकवली.
पंखा काळा, स्वच्छ, कारखान्याचा वास.
आमचं गाव अजून शिरलं नव्हतं त्यात.

खाणी परत सुरू होणार म्हणतात.
दोन वर्षांनी आण, मी म्हटलं,
मग सांगतो.