चौथी ब, बसण्याचा तक्ता

रुवीतल्या आमच्या वर्गात एसी घरघरतो,
म्हणून रिदाला त्याच्यापासून लांब;
तिच्या कानातलं यंत्र आधी तोच आवाज पकडतं.

शाहिदला दाराशी. उठावंसं वाटलं
तर उठेल, पाणी पिऊन येईल.
मागे कोंबला की बाक बडवतो.

इथवर पेन्सिल सरळ चालली.

मग अन्वय. एप्रिलपासून चार जागा,
चारही खोडलेल्या, कागद तिथे विरलाय.
बाबा दुक्मला, पंधरवड्याने येतात.
त्यानेच विचारलं, "टीचर,
त्या खिडकीतून हायवे दिसतो. तिथे बसू?"

लक्ष उडेल, हे ट्रेनिंगमधलं उत्तर
माझ्या ओठांवर होतं.

गुरुवारी बसवला.
गणितं निम्मीच झाली.
चिमटा कुणालाच नाही.

त्या चौकटीत नाव
पेनने लिहिलं.