मोहोर

नोव्हेंबरात जेलरोडला सकाळी सहाला
ओट्याचा कडप्पा इतका गार असतो
की मेणाचा थेंब पडता पडताच पांढुरका होतो.

खोबरेल तेलाचा जुना डबा
उकळत्या पातेल्यात उभा केला होता मी.
आत मेण, पेठहून रघा भोयेनं मधाबरोबर दिलेलं,
जुन्या धोतरातून दोनदा गाळलेलं,
थोडी राळ, तडकू नये म्हणून,
आणि रंगासाठी पल्लवीच्या दप्तरातला
लाल तेलखडू, तिला न विचारता.

अकरा बाटल्या. वायनरीतून धुऊन आणलेल्या,
लेबलांचा डिंक अजून बोटाला लागतो.
आत मागच्या वर्षी जांभळी मोहोरल्या तेव्हाचा मध,
पाणी, यीस्ट, अठरा महिने.
दिवाळीपर्यंत बरणीच्या नळीतून गुळुक गुळुक चालायचं,
रात्री स्वयंपाकघरात कुणीतरी
एकटंच पाणी पितंय असं.
अण्णा म्हणायचे, "तुझी दारू जागी आहे गं."
दारू हा शब्द ते असा ठेवायचे
जसं शेजाऱ्यांचं भांडं परत ठेवावं, आवाज न करता.

पहिली बाटली उलटी बुडवली. मेण गळ्याखाली ओघळलं.
दुसरीला बुडबुडे.
तिसरीचं नखानं सुटून आलं, अंड्याच्या टरफलासारखं.

अण्णा मागे उभे होते, मफलर कानांवरून.
एकतीस वर्षं नाशिकरोडला
टपालाच्या थैल्यांची तोंडं बांधली त्यांनी,
गाठीवर लाख, लाखेवर पितळी शिक्का.
"जाळतेयस," म्हणाले.
"लाख असो की मेण, धूर निघाला की गेलं."
गॅस बारीक केला. डबा उचलून खाली घेतला.
आत बघत थांबले.
मला वाटलं काही बोलतील.
ते साय धरायची वाट बघत होते फक्त.

शिक्का तर निवृत्तीच्या दिवशीच सही घेऊन जमा झाला.
देवघराच्या खणातून त्यांनी
कंगोऱ्यांचं दहा पैशाचं नाणं काढलं,
जिभेवर टेकवून ओलं केलं.
बाटली बुडवली, मनगटाला अर्धा वळसा, वर.
ओघळ जागीच थांबला,
नाव घेऊन हाक मारल्यासारखा.
मग नाणं. दाबलं, चार मोजले, उचललं.

आठ बाटल्या. बोलणं नाही.
वामनकाका ज्यानं गेले
त्याचं नाव आमच्या घरात निघत नाही.
मीही काढलं नाही.
मेण निवताना आवाज येतो, बारीक,
पलीकडच्या खोलीत कुणी तांदूळ निवडत असावं तसा.

शेवटची टेकवून त्यांनी विचारलं,
"कुठं पाठवायच्यात?"
"कुठंच नाही. इथंच. पुढच्या थंडीपर्यंत."
"मग सील कशाला?"
हवा लागू नये, म्हणाले मी.
त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही,
खिडकी बंद होताना धावत आलेल्या माणसाला
"बरं, द्या" म्हणावं तशी.

मग खडू शोधला, तोच, लाल.
प्रत्येक बाटलीच्या पोटावर तारीख,
तारखेखाली वजन, हातात तोलून, ग्रॅममध्ये,
प्रेषकाच्या जागी माझं नाव,
पूर्ण, लग्नाआधीचं.
पत्त्याची ओळ कोरी.

माझ्या तीन बाटल्या त्यांनी वेगळ्या काढल्या.
"सील तुटलेली थैली आधी उघडायची असते," म्हणाले,
"साक्षीदारासमोर."
आणि नळाखाली नाणं घासत राहिले,
कंगोऱ्यात अडकलेलं मेण निघेना,
बराच वेळ.